मदत हवी आहे: पार्किन्सन, हर्नियाचं ऑपरेशन आणि सकाळी सहाची गोळी

आम्ही चोपड्याकडचे. नानांना (वय ७१) आठ वर्षांपासून पार्किन्सन आहे. येत्या गुरुवारी जळगावला हर्नियाचं ऑपरेशन. चिठ्ठीवर लिहून दिलंय, 'रात्री १२ नंतर तोंडाने काही नाही'. घोडं इथंच अडलंय. नानांची सिंडोपा (पार्किन्सनची मुख्य गोळी, लेव्होडोपा असलेली) सकाळी ६, १०, दुपारी २, ६ आणि रात्री १० ला असते. सहाची गोळी अर्धा तास लांबली तरी हातपाय लाकडासारखे होतात. ऑपरेशनला नंबर कधी लागेल कुणी सांगत नाही. दुपार झाली तर? शिवाय रोज एक रासाजिलिन (पार्किन्सनचीच दुसरी गोळी) असते, ती बंद करायची का?

न्यूरोचे डॉक्टर नाशिकला, फोन लागत नाही. नाना मात्र "माले काही व्हत नही" म्हणत केळीत चक्कर मारायला गेलेत. झोप आमची उडालीय.

कुणी यातून गेलं असेल तर सांगा.

प्रतिसाद:
दादा, आईच्या खुब्याच्या वेळी आमचंही हेच झालं होतं. गोळी मनाने बंद करू नका. लेव्होडोपाचा असर काही तासांतच ओसरतो, आणि एकदम तोडला तर अंग ताठ होऊन ताप चढतो, जिवावर बेतू शकतं. सर्जनच्या आधी भूलतज्ज्ञांना गाठा. आमच्यांनी सहाची गोळी घोटभर पाण्याबरोबर द्यायला सांगितली आणि यादीत पहिला नंबर लावून घेतला. रासाजिलिनचं त्यांना सांगाच, कारण तिच्यासोबत पेथिडिन किंवा ट्रामाडॉल ही दुखण्यावरची औषधं दिली तर घात होतो. ती थांबवायची की नाही ते न्यूरोवालेच ठरवतील, तेव्हा फोन लावत राहा.

उलटीसाठी पेरिनॉर्म, स्टेमेटिल नको, ऑन्डान्सेट्रॉन चालतं. रात्री बरळायला लागले तर हॅलोपेरिडॉलही नको. हे कागदावर ठळक लिहून फाइलला लावा. वॉर्डात गोळ्या त्यांच्या राउंडच्या वेळेला मिळतात, नानांच्या नाही. डबा सोबत ठेवा, सिस्टरला आधीच सांगून.

धागाकर्ता:
ताई, उद्या भूलतज्ज्ञांची वेळ मिळाली. एक राहिलं, रात्रीची गोळी सीआर (हळूहळू औषध सोडणारी) आहे. गिळता आली नाही तर चुरून देऊ?

प्रतिसाद:
सीआर चुरायची नाही, सगळं औषध एकदम अंगात उतरतं. तिच्याऐवजी साधी किती द्यायची, तेही उद्याच लिहून घ्या.