मदत हवी आहे: बोटीच्या तळातल्या तेलकट पाण्याचं काय करायचं?

नमस्कार मंडळी. दापोलीकडे आमची सहा सिलिंडरची मासेमारी बोट आहे. इंजिनखाली गळलेलं ऑइल, डिझेल आणि समुद्राचं पाणी साचून काळं कालवण होतं. आजवर खलाशी ते पंपाने सरळ समुद्रात सोडत. मागच्या आठवड्यात हर्णैला बोट उभी असताना मीच पंप चालू केला, तर पाण्यावर इंद्रधनुषी तवंग पसरला आणि त्यातच शेजारचा पोरगा मासळीची टोपली बुचकळत होता. लाज वाटली.

मोठ्या जहाजांना मार्पोल या जहाजांचं प्रदूषण रोखणाऱ्या आंतरराष्ट्रीय करारानुसार १५ पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत १५ भाग) जास्त तेल असलेलं पाणी सोडता येत नाही. त्यांच्याकडे तेल वेगळं करणारी यंत्रं असतात. आमच्या इंजिनघरात माणूसच वाकून जातो, यंत्र कुठे बसवणार?

तेल शोषणाऱ्या चटया किंवा गुंडाळ्या कोणी वापरल्यात का? डिझेलमध्ये टिकतात का, पिळून परत वापरता येतात का? आणि बदललेलं जुनं ऑइल रीतसर घेणारं रत्नागिरी-रायगडात कोणी आहे का? आमचा तांडेल (बोटीचा म्होरक्या) म्हणतो, "लाकडाला चोपडा, कीड लागत नाही." पण तेही शेवटी पाण्यातच उतरणार ना?

जूनमध्ये बोट शाकारायच्या (पावसाळ्यासाठी किनाऱ्यावर झाकून ठेवायच्या) आधी सोय लावायची आहे. स्वतः केलेलं असेल तर खर्चासकट सांगा.