मदत हवी आहे: श्रीमंत देशांतच जास्त माणसं कशी मेली? (अर्जंट)

पूर्वभागकर
शनिवारी जमा करायचंय आणि डोकंच चालेना. तक्त्यात अमेरिका सगळ्यात वर, गरीब देश खाली. मॅडमनी दोनदा परत पाठवलं, "कारणं कुठायत?" म्हणून. एवढे पैसे, एवढे दवाखाने असून असं कसं? ज्यांना माहीत आहे त्यांनी सरळ सांगा, लिंका नकोत.

हुतात्माबाग
कसला तक्ता? कुठल्या सालचा? एकूण आकडे की लोकसंख्येमागे?

पूर्वभागकर
कोरोनाचा हो, दुसरा कसला! मृत्यूंचा. एकूण.

निवृत्तमास्तर
बीसीजी, क्षयावरची लस. जिथे लहानपणी ही लस देतात तिथे माणसं वाचली. मी 2020 पासून सांगतोय, कुणी ऐकत नाही.

गोळ्याऔषधं
मास्तर, पेरूतही बाळांना बीसीजी देतात, आणि लोकसंख्येमागे नोंदलेले सर्वाधिक मृत्यू तिथलेच. मोठ्या चाचणीतही ही लस कोरोनावर चालली नाही. आता पुरे.

निवृत्तमास्तर
चाचण्या कोण करतं ते आम्हाला ठाऊक आहे.

हुतात्माबाग
@पूर्वभागकर, घोळ तिथेच आहे. अमेरिकेत 11 लाखांवर मृत्यू, पण माणसं 33 कोटी. पेरूत सव्वादोन लाखांच्या आसपास, पण माणसं साधारण 3.4 कोटीच. लाखामागे काढा: अमेरिका साधारण 340, पेरू साडेसहाशेच्या घरात, जपान साठच्या आसपास. तुमचा 'श्रीमंत वर, गरीब खाली' तिथेच मोडतो.

पूर्वभागकर
अरे देवा. मग जपान? तिथं तर सगळे म्हातारे.

गोळ्याऔषधं
शंभरातले जवळपास 29 जण पासष्टीच्या पुढचे. म्हणून नुसतं वय लिहून भागणार नाही. लठ्ठपणा बघा: जपानमध्ये शंभरात चार-पाच, अमेरिकेत प्रौढांमध्ये चाळिसाच्या वर. साखर, बीपी त्यामागून येतातच.

शेंगाचटणी
म्हणजे कडक भाकरी खाणारे वाचले म्हणा की!

गोळ्याऔषधं
चटणीवर तेल किती ओतता ते आधी सांगा.

चाटीगल्ली
मला कोरोना होऊन गेल्यापासून सकाळी खोकला येतो. कुणी चांगले छातीचे डॉक्टर सुचवाल का?

हुतात्माबाग
काका, नवा धागा काढा.

गोळ्याऔषधं
आणखी एक. 2019 मध्ये साथीच्या तयारीची देशोदेशीची क्रमवारी निघाली होती, त्यात अमेरिका पहिली, ब्रिटन दुसरा. पुढे काय झालं ते पाहिलंतच. 2022 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकातल्या अभ्यासात या तयारीचा आणि संसर्गाच्या प्रमाणाचा मेळ बसला नाही. मेळ बसला तो सरकारवरच्या आणि एकमेकांवरच्या विश्वासाचा. जिथे विश्वास जास्त तिथे संसर्ग कमी.

निवृत्तमास्तर
विश्वास! 2020 ला पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या, वारकऱ्यांनी ऐकलं. याला म्हणतात विश्वास.

चादरवाला
मास्तर, ऐकलं पण कारखाना बंद, पगार नाही, तेव्हा विश्वासाची चादर पांघरून झोपायचं का? पेरूत मार्चमध्येच कडक टाळेबंदी लागली होती. दहांतल्या सातांना पक्की नोकरी नाही, निम्म्या घरांत फ्रीज नाही. रोज बाजारात जाणं आलंच. सरकारी मदत घ्यायला बँकेपुढं रांगा, त्यात ऑक्सिजन मिळेना. आपला सोलापूरचा पूर्व भाग आठवा की. दहा बाय दहात सहा माणसं, त्यातच विड्या वळायच्या. घरी थांबा म्हणणाऱ्यानं ते घर बघितलं का?

पूर्वभागकर
आमचंच घर आहे ते. आई विड्या वळते. तेव्हा पानं-तंबाखू मिळणं बंद झालं, आठवड्याची मजुरी गेली. ते कुठल्या रकान्यात टाकू?

हुतात्माबाग
'असंघटित रोजगार'. आणि मोजणीवर एक परिच्छेद हवाच. पेरूनं 2021 च्या मे अखेरीस नोंदी तपासल्या, तेव्हा 69 हजारांचा आकडा एकदम 1 लाख 80 हजारांवर गेला. आपल्याकडे अधिकृत साधारण 5.3 लाख. जागतिक आरोग्य संघटनेचा 2020-21 साठीचा जादा मृत्यूंचा, म्हणजे एरवीपेक्षा जितके जास्त मेले त्यांचा, अंदाज 47 लाख.

निवृत्तमास्तर
तो आकडा सरकारनं मान्य केलेला नाही!

हुतात्माबाग
म्हणूनच दोन्ही लिहायचे, आणि आक्षेपही. गरीब देश खाली दिसतात, यात 'मोजलेच गेले नाहीत' हेही एक कारण असतं.

निवृत्तमास्तर
देशाची बदनामी करायची तर करा.

चादरवाला
मास्तर, माझे मामा घरीच गेले. ते कुठल्याच यादीत नाहीत. मी कुणाची बदनामी करतोय?

गोळ्याऔषधं
@पूर्वभागकर, विषय कुठला ते अजून सांगितलं नाहीत. समाजशास्त्र की अर्थशास्त्र?

पूर्वभागकर
भूगोल. नकाशा काढायचाय. लाखामागचे आकडे घेऊन आता सगळे देश परत रंगवायचे, लाल स्केचपेन संपलाय.

चाटीगल्ली
नवा धागा कुठून काढायचा?