वाऱ्याविरुद्ध जाण्याची शक्ती कुठून येते?

वाऱ्याच्याच बळावर वाऱ्याविरुद्ध पुढे जाणे ऊर्जेच्या नियमात बसत नाही, असा मुद्दा मांडला जातो. तो मला पटत नाही. ऊर्जा नुसत्या वाऱ्यातून मिळत नाही, ती हवा आणि तिच्याखालची जमीन किंवा पाणी यांच्या वेगांतील फरकातून मिळते. शिडाच्या होडीचे शीड हवेत आणि तळाचा कणा पाण्यात असतो, आणि या दोन्हींवर पकड असल्यामुळेच ती वाऱ्याशी साधारण ४५ अंशांचा कोन राखून, नागमोडी वळणे घेत, वारा येतो त्या बाजूला सरकू शकते. जमिनीवर तर वळणांचीही गरज उरत नाही. ‘ब्लॅकबर्ड’ या गाडीवरील पवनचक्कीसारखी पाती वाऱ्याने फिरून चाकांना गती देतात, आणि २०१२ मध्ये ही गाडी थेट वाऱ्यासमोर वाऱ्याच्या दुपटीहून थोड्या अधिक वेगाने धावली. हा प्रयोग मला फार मोलाचा वाटतो.

विमानाला मात्र जमिनीचा आधार नसतो, त्यामुळे स्थिर वेगाच्या वाऱ्यात त्याला सारे काही इंजिनाच्या जोरावरच करावे लागते. वाऱ्याविरुद्ध जाताना लागलेला जास्तीचा वेळ परतीच्या प्रवासात भरून निघतो, हा समजही चुकीचा आहे: हवेच्या सापेक्ष ताशी ८०० किलोमीटर वेगाने उडणाऱ्या विमानाला ३००० किलोमीटर जाऊन परत यायला शांत हवेत साडेसात तास लागतील, तर ताशी २०० किलोमीटरच्या वाऱ्यात जाताना पाच आणि येताना तीन, म्हणजे एकूण आठ तास लागतील.