'स्पॉन्सर'ला पाटीवर काय लिहायचं?

गोदाकाठ
मंडळी, एका पाटीवर अडले आहे. आमच्या तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेच्या छतावर पाच किलोवॅटचा सौर संच बसतोय. पैसे एका कंपनीच्या सीएसआर (कंपन्यांची सामाजिक जबाबदारी) निधीतले. पाटीचा इंग्रजी मजकूर कंपनीने पाठवला आणि तो मराठीत करायचं काम माझ्याकडे आलं. त्यात कंपनीला दोन बिरुदं आहेत, 'स्पॉन्सर' आणि 'क्लायमेट ॲक्शन पार्टनर'. मी लिहिलं, 'पुरस्कृत' आणि 'हवामान कृती भागीदार'. मुख्याध्यापक बाई म्हणाल्या, 'पुरस्कृत' वाचून लोकांना वाटेल की शाळेला बक्षीस मिळालंय. सहावीतल्या एका मुलीने विचारलं, कृती कशाची, हवामानाची? तिच्या पुस्तकात कृती म्हणजे प्रयोगाच्या पायऱ्या. शनिवारी पाटी रंगाऱ्याकडे द्यायची आहे. काय लिहू?

कंदी_सातारा
'प्रायोजक' लिहा ताई. सगळ्यांना कळतं. कबड्डीच्या स्पर्धेपासून व्याख्यानमालेपर्यंत तोच शब्द चालतो.

शब्दवेल्हाळ
चालतो, पण मला खुपतो. शाळेत आपण 'प्रयोजक क्रियापद' शिकलो. बसणे–बसवणे, करणे–करवणे. दुसऱ्याकडून करवून घेतो तो प्रयोजक. स्पॉन्सर नेमकं हेच करतो. स्वतः पॅनेल बसवत नाही, बसवून घेतो. मग आपल्या व्याकरणातला नेटका शब्द सोडून काना लावलेला 'प्रायोजक' कशाला? तो दूरदर्शनच्या 'प्रायोजित कार्यक्रमां'बरोबर हिंदीतून घरात शिरला.

कंदी_सातारा
काका, प्र + आ + युज् असं धरलं तर तो काना रीतसर संस्कृत आहे. आणि शिरला असेल तेव्हा, आता चाळीस वर्षं घरचाच आहे. पाटीवर 'प्रयोजक' लिहिलं तर रंगारी चूक समजून काना देईल.

शब्दवेल्हाळ
रंगाऱ्याच्या हातावर भाषा सोपवायची असेल तर बोलणंच खुंटलं. तरी आणखी एक शब्द सुचवतो : 'यजमान'. ऋत्विज, म्हणजे पुरोहित, दुसऱ्यासाठी यज्ञ करतो, तिथे 'यजति'. खर्च करून फळ स्वतःकडे घेणारा, तिथे 'यजते', आणि त्यावरून यजमान. क्रियेचं फळ कर्त्याला मिळतं तेव्हा आत्मनेपद, असं पाणिनी सांगतो. पैसा कोणाचा, राबतं कोण आणि श्रेय कोणाला, हे सगळं एका प्रत्ययात येतं. असा शब्द जगात दुसरा दाखवा.

माणदेशी
काका, शब्द सुंदर आहे, पण आमच्याकडं बाया नवऱ्याला 'आमचे यजमान' म्हणतात आणि पूजेला बसतो तोही यजमान. शाळेच्या भिंतीवर नको. वारीत आमच्या दिंडीला जेवण घालतात त्यांना कुणी प्रायोजक म्हणत नाही. 'आजची पंगत अमक्याची', बास. षष्ठी लावली की झालं.

गोदाकाठ
माणदेशीदादा, हे आवडलं. पण 'हा सौर संच अमुक कंपनीचा' असं लिहिलं तर संच त्यांच्या मालकीचा वाटतो ना?

ताळेबंद
वाटतो, आणि तिथेच खरी मेख आहे. मी कंपन्यांचे हिशेब तपासतो, म्हणून सांगतो : 'स्पॉन्सर' हा शब्द मुळात त्या कंपनीलाच अडचणीचा आहे. कंपनी कायदा २०१३, कलम १३५. नक्त मूल्य (नेट वर्थ) ५०० कोटी किंवा उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातलं एकही असेल तर मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे किमान २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. पर्यावरणाचा समतोल सातव्या अनुसूचीत आहे, म्हणून शाळेचा सौर संच त्यात बसतो. पण जानेवारी २०२१ मध्ये नियम बदलले तेव्हा एक गोष्ट स्पष्ट वगळली : आपल्या मालाच्या किंवा सेवेच्या जाहिरातीचा लाभ मिळावा म्हणून प्रायोजकत्वाच्या तत्त्वावर दिलेली मदत सीएसआर धरली जाणार नाही. म्हणजे कायद्याच्या भाषेत प्रायोजन हा एक व्यवहार आणि सीएसआर दुसरा. पाटीवर कंपनी स्वतःला प्रायोजक म्हणवून घेणार आणि हिशेबात तीच रक्कम सीएसआरमध्ये दाखवणार, तर उद्या कुणी बोट ठेवू शकतो.

मालकीचंही तिथेच आहे. सीएसआरमधून उभी राहिलेली मालमत्ता कंपनीने स्वतःकडे ठेवायची नाही. नोंदणीकृत न्यास, लाभार्थींचे बचतगट किंवा सार्वजनिक प्राधिकरण, यांच्याकडे ती असायला हवी. शाळेचा संच शाळेच्या बाजूचा. 'भागीदार' तर मुळीच नको. भागीदारीचा १९३२ चा कायदा नफ्याच्या वाटणीचा आहे. इथे कोणता नफा वाटायचा?

क्लाइडकाठची
ताळेबंददादा, 'पार्टनर'बद्दल माझंही थोडं. मी ग्लासगोत राहते. २०२१ मध्ये इथे हवामान परिषद भरली तेव्हा पैसा आणि सेवा पुरवणाऱ्या बड्या कंपन्यांना 'प्रिन्सिपल पार्टनर' म्हणत. पुढच्या वर्षी शर्म अल-शेखच्या परिषदेला कोका-कोला प्रायोजक होती आणि प्लास्टिकच्या बाटल्यांवरून जगभर टीका झाली. त्या टीकेत सगळीकडे 'स्पॉन्सर' हाच शब्द होता. तेव्हापासून मला वाटतं, 'पार्टनर' म्हटलं की पैसा मागे लपतो आणि 'स्पॉन्सर' म्हटलं की दिसतो. मराठीतही 'सहयोगी', 'सहभागी' हे लपवणारे शब्द आहेत. पैसे दिले असतील तर पैसे दिले म्हणा.

कंदी_सातारा
मग 'देणगीदार' म्हणू या.

ताळेबंद
कायद्याने द्यावेच लागणारे २ टक्के, त्याला देणगी कशी म्हणू? कर भरणाऱ्याला आपण दाता म्हणतो का?

माणदेशी
करदाता म्हणतोच की.

लेणीवेडा
दान या शब्दावर मला बोलायचंय. कार्ल्याच्या चैत्यगृहातले काही खांब धेनुकाकटच्या यवनांनी, म्हणजे ग्रीकांनी, दिले आहेत. खांबावर देणाऱ्याचं गाव, नाव आणि 'थंभो दानं', म्हणजे खांबाचं दान. एवढंच. पण ओसरीतला वैजयंती नगरीच्या भूतपाल शेठींचा लेख बघा. तिथे 'सेलघरं परिनिठापितं', म्हणजे शैलगृह पुरं केलं, आणि पुढे 'जंबुदीपम्हि उतमं', जंबुद्वीपात उत्तम. दोन हजार वर्षांपूर्वीचा व्यापारी स्वतःला दात्याचं कुठलंही बिरुद लावत नाही, क्रियापद वापरतो. गोदाकाठताई, तुमच्या पाटीवरही नाम नको, क्रियापद घ्या : 'हा सौर संच अमुक कंपनीच्या खर्चाने बसवला.'

त्याहून मोठी गोष्ट नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यात आहे. क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याने लेणं कोरलं, भिक्षूंना दिलं आणि वर ३००० कार्षापण (तेव्हाची नाणी) गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, ठेवले. २००० दरमहा एक टक्क्याने, १००० पाऊण टक्क्याने. मुद्दल परत घ्यायचं नाही, व्याजच वापरायचं, त्यातून भिक्षूंना चीवर, म्हणजे वस्त्रं. या ठेवीला शब्द आहे 'अखयनिवि', अक्षयनीवी. आज आपण सूर्याच्या विजेला 'अक्षय ऊर्जा' म्हणतो. पॅनेल पंचवीस वर्षं टिकतील, इन्व्हर्टर मात्र त्याआधीच बदलावा लागतो. त्यासाठी नीवी कुठे आहे? पाटीवर हा शब्द यावा असं मला फार वाटतं.

माणदेशी
लाखातलं बोललात. आमच्या वस्तीवर सौर दिवे बसले तेव्हा फीत कापायला मोठी माणसं आली. तीन वर्षांत बॅटऱ्या उतरल्या, खांब उभे आहेत. पाटी मात्र अजून वाचता येते. दिवे लावणाऱ्याला काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा, दिवे राखणाऱ्याला शब्द शोधा.

शब्दवेल्हाळ
शब्द आहे. देवळात नंदादीपाला जमीन लावून देत, तेलवातीची सोय पिढ्यान्‌पिढ्या त्यातून. त्याला 'नेमणूक' म्हणत. 'मेंटेनन्स फंड' म्हणण्यापेक्षा 'नेमणूक' म्हणा.

कंदी_सातारा
काका, आता नेमणूक म्हणजे नोकरीची. शिक्षकांची नेमणूक झाली असंच वाचतील.

गोदाकाठ
हे सगळं मी बाईंना वाचून दाखवणार आहे, विशेषतः अक्षयनीवी. पण 'क्लायमेट ॲक्शन' राहिलंच. पाटीवर काहीतरी हवंय.

क्लाइडकाठची
भूगोलाच्या पुस्तकात आपण शिकलो, थोड्या वेळाची ती हवा आणि दीर्घ काळाची सरासरी ते हवामान. त्या हिशेबाने क्लायमेटला 'हवामान' अगदी बरोबर. पण रोजच्या पावसाच्या अंदाजालाही आपण हवामानच म्हणतो. राज्याच्या खात्याच्या नावात 'वातावरणीय बदल' आहे, केंद्राच्या मंत्रालयाच्या नावात मराठीत 'हवामान बदल' लिहितात. मुंबई महापालिकेने मार्च २०२२ मध्ये २०५० चं नक्त शून्याचं (नेट झिरो, म्हणजे हवेत जितका कर्बवायू सोडला तितका काढून घेण्याचं) उद्दिष्ट ठेवून आराखडा आणला, त्यालाही कुणी 'हवामान कृती आराखडा' लिहिलं, कुणी 'वातावरण'.

शब्दवेल्हाळ
'हवा' अरबी, 'मान' संस्कृत. तरी 'हवामान' मला मान्य, कारण तो लोकांनी घडवला. 'वातावरणीय' कचेरीत घडला. आणि 'नक्त' म्हणाल तर संस्कृतात नक्त म्हणजे रात्र...

ताळेबंद
आमच्या ताळेबंदात नक्त म्हणजे वजावट करून उरलेलं. ते सोडू नका. 'निव्वळ शून्य' ऐकलं की लोकांना काहीच उरलं नाही असं वाटतं.

माणदेशी
मला एक सांगा, तुम्ही सगळे 'पॅनेल' लिहिताय. आमच्याकडं सोलर पंप आल्यापासून 'प्लेटा' म्हणतात. 'प्लेटा पुसल्या का?' असंच विचारतात. हा शब्द पाटीवर चालेल का? कारण पुसायचं काम पोरंच करणार आहेत.

लेणीवेडा
'प्लेटा' आमच्याकडे जुन्नरलाही. विदर्भात काय म्हणतात?