कॅल्शियम तर सगळीकडून येतंय, मग नायट्रिक ऑक्साइडसाठी एनएमडीएचंच नाव का?

खानापूरची_पोर
एम.एस्सी. प्राणिशास्त्र, दुसरं वर्ष. सोमवारी सेमिनार आहे आणि डोकं फिरूलालंय. चेतापेशी एकमेकींना निरोप द्यायला ग्लुटामेट सोडतात, ते पुढच्या पेशीवरच्या एनएमडीए रिसेप्टर या दारावर बसतं, कॅल्शियम आत येतं, कॅल्मोड्युलिन या प्रथिनाला चिकटतं, ती जोडी एनएनओएस या एन्झाइमला जागं करते आणि आर्जिनिन या अमिनो आम्लापासून नायट्रिक ऑक्साइड हा गॅस आणि सिट्रुलिन होतं. एवढं खानापूर-बेळगाव बसमध्ये पाठ झालं. पण व्होल्टेजवर उघडणाऱ्या चॅनेलमधूनही कॅल्शियम येतंच की! मॅडमना विचारलं, तर "तसंच असतंय, लिहून घे."

संकेश्वरचा_मास्तर
लिहून घेऊ नकोस, प्रश्न चांगला आहे.

गोकाककडं माझ्या मेव्हण्याचं शेत आहे, कालव्याच्या अगदी टेलला. हिडकल धरणातून पाणी सुटलं की पेपरात आकडा येतो, पण चिखल होतो तो गेटला बांध लागून असलेल्याच्या रानात. मेव्हणा पेपर वाचत बसतो. पेशीतही तसंच. आत आलेलं कॅल्शियम लगेच पकडलं जातं, बाहेर काढलं जातं. त्याचा दाट लोट फक्त चॅनेलच्या तोंडाशी असतो. आणि एनएनओएस नेमकं तिथंच बांधलेलं आहे. पीएसडी-९५ नावाचं प्रथिन एका हातानं एनएमडीए रिसेप्टर धरतं, दुसऱ्या हातानं हे एन्झाइम. १९९९ साली वाढवलेल्या चेतापेशींत हे पीएसडी-९५ कमी करून पाहिलं. रिसेप्टरचं काम नीट चालू होतं, तरी नायट्रिक ऑक्साइड घटलं आणि पेशी मरण्याचं प्रमाणही घटलं. सेमिनारमध्ये बाकी काही विसरलीस तरी हा प्रयोग सांग.

आता एएमपीए, म्हणजे ग्लुटामेटचाच दुसरा रिसेप्टर. त्याचं नाव मागं पडतं, पण ओझं तोच ओढतो. बोअरची मोटर चालायला थ्री फेज करंटही हवा आणि बोअरमध्ये पाणीही. एनएमडीएचं तसंच: ग्लुटामेट बसलं तरी भोकात मॅग्नेशियमचा बूच असतो. एएमपीएमधून सोडियम आत आला, पेशीचा व्होल्टेज बदलला, की बूच निघतो. शिवाय एनएमडीएवर ग्लायसिन किंवा डी-सेरीन हे अमिनो आम्लही बसलेलं लागतं. म्हणून नुसतं ग्लुटामेट सुटलं की गॅस तयार, असं लिहू नकोस.

सुरुवात गार्थवेट या शास्त्रज्ञाच्या १९८८ च्या कामापासून कर. उंदराच्या अनुमस्तिष्कातल्या पेशींवर एनएमडीए रिसेप्टर चेतवल्यावर, रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या द्रव्यासारखंच काहीतरी बाहेर पडतं, हे त्यांनी दाखवलं. ते द्रव्य म्हणजेच नायट्रिक ऑक्साइड. १९९० मध्ये ब्रेट आणि स्नायडर यांनी मेंदूतलं हे एन्झाइम शुद्ध केलं. त्याला कॅल्मोड्युलिन लागतं हे तिथंच कळलं.

चिकोडीचा_ओटीवाला
सर, मी ओटी म्हणजे ऑपरेशन थिएटरमधला टेक्निशियन. केटामाइन हे भुलीचं औषध एनएमडीए अडवतं, ते रोज हातात असतंय. आमच्या काकांना लकवा मारला, तेव्हा असलंच काही देऊन हा गॅस बंद का नाही केला?

संकेश्वरचा_मास्तर
करून बघितलंय. रक्त तुटलं की ग्लुटामेट भसाभस सांडतं, नायट्रिक ऑक्साइड जास्त होतं, पेशीतल्या सुपरऑक्साइडला मिळून पेरॉक्सिनायट्राइट हे जहाल रसायन बनतं आणि ते पेशी जाळतं. १९९४ मध्ये एनएनओएसचं जनुक काढलेल्या उंदरांत मेंदूचा मेलेला भाग लहान निघाला. पण रक्तवाहिन्यांच्या भिंतीत याचंच भावंड एन्झाइम आहे, त्याचं नायट्रिक ऑक्साइड वाहिन्या रुंद ठेवतं. सरसकट सगळं बंद केलं तर उरलेलं रक्तही आटायचं. आणि एनएमडीए अडवणारी औषधं उंदरांत चालली, रुग्णांवरच्या चाचण्यांत पडली. काका आता कसे आहेत?

चिकोडीचा_ओटीवाला
उजवा हात अजून उचलत नाही. बोलतात मात्र नीट, शिव्या तर स्पष्ट.

खानापूरची_पोर
सर, बोअर-मोटरचं उदाहरण स्लाइडवर घातलं तर चालेल?

संकेश्वरचा_मास्तर
घाल की. फक्त मॅग्नेशियमला करंट म्हणू नकोस, तो बूच आहे. मागच्या बाकावरचा एखादा बरोबर तेच विचारील.