रुआसीची खोली स्वस्त, पण तिकिटाचं काय?
पॅरिसला गेल्यावर मुक्काम शार्ल द गोल विमानतळाजवळच्या रुआसी गावात केला तर खोली बरीच स्वस्त पडते, असा सल्ला दिला जातो, आणि ते खरंच आहे. पण त्या हिशेबात तिकीट धरलेलं दिसत नाही. जानेवारी २०२५ मध्ये विमानतळ ते शहर हे रेल्वेचं तिकीट सरसकट १३ युरो झालं. म्हणजे त्या दराने दोघांचे जाऊन-येऊन रोजचे ५२ युरो. वाचवलेले पैसे गाडीभाड्यातच जिरले की!

त्यावर एक तोड आहे: नाविगोचा, म्हणजे पॅरिसच्या बस-मेट्रो-रेल्वेच्या कार्डाचा, आठवड्याचा पास. २०२५ मध्ये तो ३१.६० युरोंना होता (कार्डाचे पैसे वेगळे) आणि विमानतळही त्यात येतो. मात्र तो सोमवार ते रविवार असाच चालतो, कधीही काढला तरी सात दिवस मिळत नाहीत. शनिवारी उतरणाऱ्याला त्याचा काय उपयोग?

शिवाय रात्री उशिरा विमानतळ ते शहर धावणारी आरईआर बी ही रेल्वे कामांसाठी बरेचदा बंद असते, मग बदली बस. त्यामुळे मी तरी शहरातल्या गार द्यु नॉर स्टेशनच्या आसपासच राहीन. अगदी पहाटेचं विमान असेल तर फक्त शेवटची रात्र विमानतळावर, तीही रुआसी गावात नाही, विमानतळाच्याच आवारातल्या रुआसीपोलला. तिथून टर्मिनलला जाणारी सीडीजीव्हाल ही छोटी गाडी फुकट आहे.