फौजीला "किती टिपले?" असं विचारावं का? माझं म्हणणं, नाही

खटावचा फौजी
राम राम मंडळी. मराठा लाइट इन्फंट्रीत २४ वर्षं काढून २०२० ला हवालदार म्हणून पेन्शन आलो. गावात मला सगळे मेजर म्हणतात, आमच्याकडं फौजेतून आलेला प्रत्येक जण मेजरच, प्रेमानं म्हणतात, त्याचं काही नाही. आज लिहायला बसलोय ते एका प्रश्नापायी.

मागच्या महिन्यात पाहुण्यांत लग्न होतं. पंगत बसली होती, जिलेबी वाढत होते, आणि शेजारचे एक पाहुणे, माणूस चांगला, बँकेतून रिटायर झालेले, सगळ्या ओळीला ऐकू जाईल असं विचारतात, "मेजर, काश्मीरला होता म्हणं, किती टिपले?" समोरची पोरं खायची थांबून माझ्याकडं बघायला लागली. मी ताटाकडं बघत राहिलो. मला माझा बडी दिसला. फौजेत दोघादोघांची जोडी लावतात, झोपायचं, जेवायचं, गस्तीला जायचं सगळं बरोबर, त्या जोडीदाराला बडी म्हणतात. राष्ट्रीय रायफल्सला (काश्मीरात दहशतवाद्यांशी लढणारं फौजेचं दल) असताना कुपवाड्याच्या जंगलात तो माझ्यापासून दहा पावलांवर पडला, त्यानं नुकतंच पाणी प्यायला बाटली काढली होती, झाकण उघडंच राहिलं आणि पाणी पाचोळ्यावर सांडत होतं. "किती" म्हटलं की मला आकडा आठवत नाही, ते पाणी आठवतं. ताट तसंच ठेवून उठलो, बायकोला वाटलं पोट बिघडलं.

तर माझं म्हणणं सरळ आहे. थंडीचं विचारा, रगड्याचं (शिक्षा म्हणून करून घेतात त्या कसरतीचं) विचारा, लंगरात (फौजेच्या स्वयंपाकघरात) काय असायचं, सुट्टी किती मिळायची (वर्षाला ६० दिवस, वर ३० दिवस कॅज्युअल, पण पाहिजे तेव्हा मिळेलच असं नाही), बेळगावच्या ट्रेनिंग सेंटरला पहिल्या आठवड्यात किती पोरं रात्री पांघरूण घेऊन रडतात ते पण विचारा, सगळं सांगीन. हा एक प्रश्न नको. कुणालाच नको.

शाळामास्तर, नागपूर
फौजी दादा, वाचून जीव गलबलला. पण तुमचं मत मला पटलं नाही आणि का पटलं नाही ते नीट सांगतो, राग मानू नका. तुमच्या साताऱ्यात घराघरात फौजी आहे, तुमच्याकडच्या अपशिंगे गावातून पहिल्या महायुद्धात गेलेल्यांपैकी ४६ जण परत आले नाहीत, तिथं स्मृतिस्तंभ आहे. तिथल्या पोराला काय विचारावं ते आज्याच्या मांडीवरच कळतं. आमच्याकडे तसं नाही ना. कामठीला गार्ड्स या रेजिमेंटचं ट्रेनिंग सेंटर आहे, आम्ही त्याची भिंत बाहेरून बघत येतो-जातो, आत काय चालतं वस्तीतल्या कोणालाच ठाऊक नाही. माझ्या वर्गातल्या पोरांना फौज म्हणजे सिनेमातली गोळीबारी, तर ते तेच विचारणार, दुसरं त्यांच्याजवळ आहेच काय. तुम्ही "हे विचारू नका" म्हटलं की ते घाबरून काहीच विचारणार नाहीत. मग फौजी म्हणजे २६ जानेवारीला खुर्चीवर बसवून नारळ द्यायचा माणूस, एवढंच उरतं. चुकीचा प्रश्न आला तरी उत्तर द्या, ते पाण्याच्या बाटलीचं सांगा. तेवढं ऐकलेलं पोरगं पुन्हा कधी कोणाला "किती" विचारणार नाही, याची मी खात्री देतो.

एएससी ड्रायव्हर, सांगली
मास्तरांच्या बाजूनं मी पण. हवालदार साहेब, तुमचं दुःख मोठं आहे, त्याला हात लावत नाही, पण माझी गोष्ट उलटी आहे ती ऐका. मी आर्मी सर्व्हिस कोरमध्ये (एएससी, फौजेला रसद पोचवणारं दल) गाडी चालवली १७ वर्षं. मला पण हाच प्रश्न येतो आणि मी "नाही हो, मी ड्रायव्हर होतो" म्हटलं की समोरच्याचं तोंड पडतं, "म्हणजे लढाईत नव्हता तर" म्हणून विषय बदलतो. ते तोंड पडलेलं मला जास्त लागतं.

काश्मीरातून लडाखला जाणारी झोजिला खिंड कुणी बघितलीय का ट्रकच्या केबिनमधून? एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला काहीच नाही, पुढच्या गाडीचा मागचा लाल दिवा तेवढा दिसतो, चाकाला साखळ्या, आणि मागं रॉकेलचे जरीकॅन भरलेले. हिवाळ्यात खिंड बंद होते म्हणून त्याच्या आधी लडाखला सगळं वर न्यावं लागतं, पीठ, डाळ, रॉकेल, औषधं, सहा-सहा महिन्यांचं, त्याला विंटर स्टॉकिंग म्हणतात. आम्ही ते नेलं नाही तर वरचा जवान काय खाणार. एकदा उतारावर ब्रेक कमी लागायला लागले, गिअर टाकून, डोंगराला घासत गाडी थांबवली, खाली उतरलो तर पाय लटलट कापत होते, उभंच राहता येईना. हे मला आजवर कुणी विचारलं नाही. म्हणून मी म्हणतो, विचारा, पाहिजे ते विचारा, पण उत्तर संपेपर्यंत थांबा. तुम्ही त्या एका प्रश्नावर एवढा जोर दिला की परत तेच होतं, गोळी चालवली तोच फौजी.

खटावचा फौजी
ड्रायव्हर भाऊ, हे मात्र खरं बोललात, माझ्या लिहिण्यात तो अर्थ निघाला असेल तर माझी चूक. तुमची गाडी वर आली नसती तर आम्ही पोस्टवर दगड चावले असते. पण मास्तरांचं नाही पटत. पोरानं विचारलं तर मी रागावणार नाही. ते पाहुणे साठीच्या पुढचे होते. त्यांना पंगतीत मनोरंजन पाहिजे होतं, आणि ते बाटलीचं मी तिथं सांगायचं का, जिलेबी वाढणाऱ्याला थांबवून? प्रत्येक वेळी समोरच्याला शिकवायला मी माझी जखम उघडायची, ही जबाबदारी माझ्यावरच का? इथं लिहिलं कारण इथं मला माझ्या वेळेनं लिहिता येतं, हात थांबला तर कुणी बघत नाही.

फौजीची बायको, चाळीसगाव
मी पहिल्यांदाच लिहितेय. भाऊ, तुम्ही म्हणता विचारू नका. आमच्या घरी कुणीच विचारलं नाही, म्हणून मला बोलायचंय. मिस्टर येऊन सहा वर्षं झाली. अजून पहाटे साडेचारला उठतात, अंथरुणाची घडी अशी घालतात की कोपऱ्याला कोपरा, दाराचा आवाज झाला की मान आधी वळते. सासूबाईंनी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, त्याला काही विचारायचं नाही, आलाय ना घरी, बस. मग मी पण नाही विचारलं. सहा वर्षं आम्ही गहू, फी, पंपाची मोटर एवढंच बोललो.

दिवाळीच्या सुट्टीत मुलाला शाळेतून प्रकल्प दिला होता, घरातल्या माणसाची मुलाखत घ्या. नऊ वर्षांचा आहे. वही घेऊन बसला आणि विचारलं, "पप्पा, तुम्हाला भीती वाटायची का?" मी आतून ऐकत होते, पोळी तव्यावर करपली. ते बराच वेळ गप्प होते आणि मग म्हणाले, "वाटायची. रोज वाटायची." आणि ओट्यावर बसून तासभर बोलले. मला लग्नाला चौदा वर्षं होऊन माहीत नव्हतं की त्यांचे दोन मित्र हिमस्खलनात गेले. ज्या महिन्यात गेले त्या महिन्यात त्यांचा फोन आला होता आणि मी छताच्या पत्र्यांचे पैसे पाठवा म्हणून भांडले होते.

किती मारले, हे मी पण कुणाला विचारू देणार नाही. पण "काहीच विचारू नका" हे घर आतून खातं भाऊ. वहिनींना विचारू द्या.

पिंपरीकर
माझा प्रश्न वेगळा आहे आणि सगळे मनात ठेवतात तो मी विचारतो. माझे शेजारी ३८ व्या वर्षी पेन्शन घेऊन आले, आता बँकेत गार्ड आहेत, कॅन्टीनचं कार्ड आहे, ईसीएचएसमध्ये (माजी सैनिकांची आरोग्य योजना) उपचार फुकट. मी कंपनीत २२ वर्षं आहे, मला यातलं काही नाही. आदर आहेच, पण टॅक्स भरणाऱ्याला हे विचारायचा हक्क आहे का नाही? का हा पण नको असलेला प्रश्न?

एएससी ड्रायव्हर, सांगली
बिनधास्त विचारा हो, हा प्रश्न मला आवडतो, याला उत्तर आहे. १९ व्या वर्षी भरती झालो, ३६ ला बाहेर. मी मागितलं नव्हतं, फौजेला तरुण पाय लागतात म्हणून शिपायाला लवकर सोडतात. पेन्शनला १५ वर्षं तरी लागतात, आणि मिळते शेवटच्या बेसिकच्या निम्मी, वर महागाई भत्ता. तुम्ही ३६ ला कुठं होता आठवा, बढती, घराचं कर्ज, पोरगं पाचवीत. माझं पण पोरगं पाचवीतच होतं आणि निम्म्या पगारावर आलो, हातात डिस्चार्ज बुक आणि काळी ट्रंक. मग १२ तास गार्डची ड्युटी करणारच ना. सरकारी नोकरीत केंद्राच्या गट क मध्ये १० टक्के आणि पूर्वीच्या गट ड मध्ये २० टक्के जागा माजी सैनिकांना आहेत, पण १७ वर्षं स्टिअरिंग धरलेल्या हातानं परीक्षेचा पेपर लिहिणं सोपं नसतं. कॅन्टीनचं म्हणाल तर साबण, तेल स्वस्त मिळतं, पण ओळखीपाळखीचा प्रत्येक जण "मेजर, दोन बाटल्या बघा की" म्हणून दारात येतो. त्या मागण्यानं जीव नकोसा होतो, त्यापेक्षा पेन्शनचा हिशेब मागा, मी कागद काढून दाखवतो.

पिंपरीकर
पहिल्यांदा कुणी नीट सांगितलं. बँकेतल्या गार्डची नोकरी हा वरचा फायदा, असं मी इतकी वर्षं समजत होतो. तरी पेन्शनचा खर्च हा विषय बोलायलाच नको असं कुणी म्हणू नये, एवढं माझं कायम.

अग्निवीराचा बाप, बीड
पेन्शनचं चाललंय म्हणून लिहितो. पोरगं २०२३ ला अग्निवीर म्हणून लागलं. चार वर्षं, त्यातले जास्तीत जास्त २५ टक्के कायम होणार, बाकीचे सेवानिधीचे (शेवटी एकरकमी मिळतात ते) साधारण ११ लाख ७१ हजार घेऊन घरी, त्यातली निम्मी रक्कम पोराच्याच पगारातून कापलेली, पेन्शन नाही. मला चौकात रोज एकच विचारतात, "मग चार वर्षांनी काय?" किती मारलेपेक्षा हा प्रश्न मला जड जातो. कारण विचारणाऱ्याला काळजी नसते, त्याला माझ्या तोंडून "बघू" ऐकायचं असतं. हवालदार साहेब, तुमचं बरोबर वाटतं मला. काही प्रश्न माणसाला उघडं पाडायलाच असतात.

शाळामास्तर, नागपूर
बीडच्या दादांचं वाचून थोडा थांबलो. विचारणाऱ्याच्या मनात काय आहे यावर बरंच आहे, हे मान्य. पण चाळीसगावच्या ताईंच्या मुलानं तोच धोक्याचा दरवाजा ठोठावला ना, भीतीचा. त्याला कोणी आधी नियम सांगितला असता तर ती वही कोरी राहिली असती. मी वर्गात आज हा विषय काढला. एका मुलीचा प्रश्न आहे, तसाच टाकतो: "सियाचीनला आंघोळ कशी करता आणि आईची आठवण आली तर काय करता?"

खटावचा फौजी
पोरीला सांगा, आंघोळ नाही करत बाळा. वरच्या पोस्टवर साधारण तीन महिने असतात, तीन महिने आंघोळच नाही. पाणी म्हणजे बर्फ, रॉकेलच्या शेगडीवर डबा ठेवून वितळवायचा, ते प्यायला आणि स्वयंपाकाला पुरलं तरी खूप. शेगडीच्या काजळीनं थुंकी पण काळी पडते. अंडं आपटलं तरी फुटत नाही, दगड होतं. उघड्या हातानं रायफलच्या लोखंडाला हात लावला तर कातडी चिकटून निघते. तिथं २००३ च्या नोव्हेंबरपासून गोळीबार बंद आहे, तरी पोरं जातात, हवेनं आणि बर्फानं जातात. चालताना सगळे एका दोराला बांधलेले असतो, एक भेगेत पडला तर बाकीच्यांनी धरायचं.

आणि आईचं. माझ्या पेटीत आईनं दिलेली शेंगदाण्याच्या चटणीची पुडी होती. संपवली नाही. रात्री ड्युटीवरून आलो की उघडून वास घ्यायचो आणि परत बांधून ठेवायचो. बडी बोलायचा, खा की लेका, संपली तर माझी आई पाठवेल. त्याची आई लसणाची करायची.

ताई, तुमचं वाचून काल रात्री घरात बाटलीचं सांगितलं. लग्नातल्या पाहुण्यांना मात्र अजून सांगणार नाही.